लोकप्रतिनिधींचा वृत्तान्त : कांदा, कुटुंब आणि सैनिक

संसदेचे अथवा विधिमंडळाचे अधिवेशन आटोपले म्हणजे थोड्याच दिवसांत आमच्या खेड्यांतून लोकप्रतिनिधींची कार्यवृत्ते येऊ लागतात. कागद गुळगुळीत असतो, छपाई रंगीत असते आणि पानोपानी भूमिपूजने, उद्घाटने व सत्कार यांची छायाचित्रे असतात. सभामंडप किती उभे राहिले, रस्त्याचे किती तुकडे डांबरी झाले, कोणत्या मंत्र्यांस निवेदन दिले, हे सारे त्यांत सापडते. निवेदनाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच सापडते. या वृत्तांचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. मुळीच काही न कळविण्यापेक्षा एवढे तरी कळविणे बरे, हे आम्ही जाणतो. परंतु नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास आपल्या प्रतिनिधीकडून जे कळावयास पाहिजे ते या पानांत नसते, आणि ते नसते याचे त्यास फारसे काही वाटतही नाही, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

आपल्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे उदाहरण घ्यावे. तिला दर वर्षी सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा भरवावी लागते व मागील वर्षाचा ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा लागतो. दोन-चार हजारांचा फरक दिसला तरी मागच्या बाकावरचा सभासद उठून उभा राहतो, आणि सचिवास उत्तर दिल्यावाचून गत्यंतर नसते. खासदारास स्थानिक क्षेत्र विकास योजनेतून वर्षास पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. त्याहून कितीतरी मोलाची गोष्ट, म्हणजे आपल्या मालाचा भाव चढविणाऱ्या-पाडणाऱ्या निर्णयांविषयी सरकारास जाब विचारण्याचा अधिकार, त्यांजजवळ असतो. एवढे असून त्यांनी मतदारांपुढे वर्षाचा हिशेब मांडावा असे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नाही. पाच वर्षांतून एकदा मतदान, एवढाच काय तो हिशेब. आणि तोही रागाच्या भरात होतो, कागद पाहून होत नाही.

राग योग्य ठिकाणी पोचावयाचा तर कोणता निर्णय कोणाच्या हातात आहे हे प्रथम समजले पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे शेती, जमीन व बाजार हे विषय राज्याकडे आहेत. परदेशी व्यापार, सीमाशुल्क व संरक्षण हे केंद्राकडे. आणि वारसाहक्क दोघांच्या समाईक यादीत आहे. आमच्या शेतकऱ्याच्या घरात मात्र अशी वाटणी नसते. एक भाऊ कांद्याच्या वाफ्यात असतो, दुसरा पलटणीत असतो, बहीण सासरी असते आणि सातबारा आजोबांच्या नावावर असतो. घर एक, आणि त्याच्या सुखदुःखाचे निर्णय पाच-सहा निरनिराळ्या कचेऱ्यांत होतात. निर्यातीचे गाऱ्हाणे आमदारांपुढे आणि फेरफाराचे खासदारांपुढे मांडून आम्ही कितीदा परत आलो असू, याची गणती कोणी केलेली नाही.

प्रथम कांद्याचा विचार करू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव त्यावरून बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस दर टनास ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य आले. ७ डिसेंबरची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद झाली. तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता व उन्हाळ कांद्याची रोपे लावणीस तयार होती. काही दिवसांतच भाव कोसळले. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच राहील असे प्रथम सांगितले होते; मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात आली. एप्रिलमध्ये मुख्यतः गुजरातेत पिकणाऱ्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टनांस परवानगी मिळाली, तेव्हा नाशिककरांस जे वाटले ते आम्ही येथे पुन्हा लिहीत नाही. ४ मे रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलरच्या किमान मूल्यासह व ४० टक्के शुल्कासह; आणि नाशिक व दिंडोरी येथील मतदान २० मे रोजी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले; १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. म्हणजे अवघ्या वीस महिन्यांच्या आत एकाच पिकाविषयीचे धोरण सहा-सात वेळा बदलले. रोप टाकल्यापासून चाळीतला शेवटचा कांदा विकेपर्यंत जो शेतकरी दहा-अकरा महिने अडकून राहतो, त्याने कोणत्या धोरणाच्या भरवशावर पेरावे?

हे बदल कोणी केले, हे विचारल्यास बहुतेक शेतकरी 'दिल्लीने' असे उत्तर देतात. दिल्लीत दारे तीन आहेत. निर्यातीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते. शुल्क वित्त मंत्रालय बसविते. कांद्याचा राखीव साठा किती करावयाचा व तो बाजारात केव्हा सोडावयाचा, हे ग्राहक व्यवहार विभाग ठरवितो. या तिसऱ्या दाराकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. भाव स्थिरीकरण निधी पूर्वी कृषी मंत्रालयाकडे होता. १ एप्रिल २०१६ पासून तो ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. कांदा पिकविणाऱ्याच्या मंत्रालयाकडून तो खाणाऱ्याच्या मंत्रालयाकडे गेला, हा केवळ कचेरीतील फेरबदल नव्हे. राखीव साठा २०२३ मध्ये पाच लाख टनांवर नेला गेला, २०२४ मध्ये तो सुमारे ४ लाख ७० हजार टनांचा होता, व २०२५ साठी तीन लाख टनांचे उद्दिष्ट होते. हा साठा शहरातील भाव खाली आणण्यासाठी आहे, हे सरकार लपवीत नाही. १९९८ साली दिल्ली राज्यातील सरकार निवडणुकीत पडले, त्यात महाग कांद्याचा वाटा मोठा होता. तेव्हापासून प्रत्येक सरकार या पिकास भिऊन असते. भीती शहरी मतांची असते व किंमत लासलगावच्या आवारात मोजली जाते.

म्हणून खासदारांच्या वृत्तान्तात आम्हांस हे पाहिजे : या वीस महिन्यांत तिन्ही विभागांस त्यांनी कोणते प्रश्न घातले, कोणत्या तारखेस घातले आणि लेखी उत्तर काय आले. लोकसभेत दर दिवशी वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितास मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचे उत्तर लेखी येते. अतारांकित प्रश्नास कोणी टाळ्या वाजवीत नाही, वर्तमानपत्रांतही तो येत नाही. परंतु त्याचे उत्तर सरकारच्या सहीशिक्क्याने कायमचे नोंदले जाते आणि पुढे कोर्टात वा आंदोलनात उपयोगी पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विरोधी पक्षांचे काही खासदार कांद्याच्या माळा गळ्यात घालून संसदेच्या दाराशी उभे राहिले होते. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस शंका नाही. तथापि माळेस उत्तर द्यावे असा नियम नाही. प्रश्नास द्यावे असा आहे.

येथे कोणी म्हणेल की शेतकऱ्याने आपला हिशेब २०२४ मध्ये चुकता केलाच. दिंडोरीत केंद्रातील राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव होऊन श्री. भास्कर भगरे निवडून आले, नाशिकमध्येही श्री. हेमंत गोडसे यांच्या जागी श्री. राजाभाऊ वाजे आले. हे खरे आहे. परंतु प्रतिनिधी बदलला म्हणजे कारभार बदलला असे होत नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शेतकरी संघटनेच्या आंदोलनात याच जिल्ह्यात रस्ते व रेल्वे अडली, खेरवाडीस गोळीबार होऊन माणसे बळी पडली. मागणी एकच होती, उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव. त्यानंतर किती खासदार आले व गेले! प्रत्येकाने सभागृहात काय विचारले याची सलग नोंद जिल्ह्यातील एका तरी बाजार समितीने ठेवली असती, तर आज आमच्याजवळ चाळीस वर्षांहून अधिक काळाचा दस्तऐवज असता. लासलगावची समिती १९४७ पासून चालत आलेली आहे. तिला हे काम जड नव्हते.

आता कुटुंबाचा विषय. हा बहुतांशी आमदारांच्या कक्षेतला असून कार्यवृत्तांत तो हळदीकुंकवाच्या छायाचित्रांपुरताच येतो. फेब्रुवारी व मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्यास राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे, ई-पीक पाहणी केलेली पाहिजे, अशा अटी आल्या, त्या पुढे ओरड झाल्यावर सैल करण्यात आल्या. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात पैसे, हा न्याय वरवर बरोबर दिसतो. परंतु रोपे उपटणे, लावणे, खुरपणे, काढणी व निवड हे ज्यांच्या हातून होते त्या बायकांपैकी कितींची नावे भोगवटादाराच्या सदरात आहेत? आली तर 'इतर हक्कां'त येतात, म्हणजे मालकीत नव्हेच.

याच जिल्ह्यातील चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतरच्या वर्षांत संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. कायद्यानेही पाऊल उचलले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, परंतु २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क देशभर आला. आणि बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, मुलीचा हक्क अबाधित आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. कायदा इतका स्पष्ट असता आमच्या वर्गात होते काय? बाप गेल्यावर तेराव्याचे जेवण उरकते न उरकते तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती सही करते, कारण माहेर तुटावे असे तिला वाटत नाही. हे वाचून आमचे पुष्कळ वाचक नाराज होतील. आमचा निरुपाय आहे. बहिणीचा वाटा घेऊन सरकारकडे न्याय्य भाव मागणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो, असे आम्हांस वाटते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू फार भीषण आहे. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या वारसास राज्य सरकारने २००६ मध्ये एक लाख रुपयांची मदत ठरविली. त्यांपैकी तीस हजार रोख व सत्तर हजार बँकेत ठेवीत. पुढे कित्येक वर्षे महागाई वाढत गेली तरी ही रक्कम जेथल्या तेथे राहिली. शिवाय जमीन मृताच्या वा घरातील कोणाच्या नावे आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, अशी चौकशी होते. सावकाराचे कर्ज असले म्हणजे प्रकरण अडते. ते अडले म्हणजे विधवेस तहसील कचेरीचे खेटे घालावे लागतात. आपल्या मतदारसंघात अशी किती प्रकरणे पात्र ठरली, किती अपात्र व कोणत्या कारणाने, एवढा एक तक्ता जरी आमदारांनी आपल्या वृत्तान्तात छापला तरी त्यांची बाकीची छायाचित्रे आम्ही आनंदाने पाहू. महिन्यास दीड हजार देणारी 'लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली. तिची जाहिरात सर्वांनी केली, आणि ज्या घरात ते पैसे पोचले तेथे त्यांचा उपयोगही झाला. परंतु दीड हजारांची बहीण आणि सातबाऱ्यावरची बहीण यांत फरक आहे.

तिसरा विषय सैनिकांचा. नाशिकचा शेतकरी व लष्कर यांचा शेजार जुना आहे. देवळालीस तोफखान्याचे विद्यालय, नाशिक रोडला तोफखाना केंद्र. शेतात उभे राहिले तरी सरावाचे आवाज कानी येतात. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले व १९६३ मध्ये नाशिकनेच त्यांस बिनविरोध लोकसभेत धाडले. अशा जिल्ह्याच्या प्रतिनिधीने सैनिकाविषयी ध्वजदिनी दोन शब्द बोलून थांबावे, हे शोभत नाही. (निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तो ७ डिसेंबर हाच सशस्त्र सेना ध्वजदिन. योगायोग खरा, परंतु ज्या घरात कांदाही आहे व शिपाईही आहे तेथे तो बोचल्यावाचून राहिला नसेल.)

'एक पद, एक निवृत्तिवेतन' ही मागणी नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने मान्य झाली व १ जुलै २०१४ पासून लागू झाली. दर पाच वर्षांनी फेरआकारणी व्हावयाची, त्याप्रमाणे २०१९ ची झाली, परंतु थकबाकीसाठी सर्वोच्च न्यायालयास मार्च २०२३ मध्ये वेळापत्रक आखून द्यावे लागले : कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रिया व शौर्यपदकधारी आधी, सत्तरी ओलांडलेले नंतर, व बाकीचे त्यांच्या मागून. न्यायालयाने विधवांस रांगेत पुढे उभे केले, हे योग्य झाले. हे काम एखाद्या खासदाराच्या प्रश्नाने झाले असते तर अधिक बरे झाले असते.

यापुढची काळजी निराळी आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत तरुण चार वर्षांसाठी घेतला जातो. शंभरांतले पंचवीसपर्यंत कायम होतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. त्यांस निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ ची अखेर व २०२७ चा आरंभ यांच्या दरम्यान भरतात. म्हणजे बाविशी-पंचविशीतला मुलगा दोन-तीन एकरांच्या घरी परत येणार, जेथे एक भाऊ आधीच बेकार बसलेला आहे. हा निधी विहिरीत, ट्रॅक्टरात की लग्नात जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या सरावक्षेत्रात तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्यू पावले. कर्तव्यावर मेलेल्या अग्निवीराच्या घरी विम्याची व सानुग्रह अनुदानाची मोठी रक्कम जाते हे खरे; परंतु कायम सैनिकाच्या विधवेस वा आईबापांस जन्मभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांस नाही. हा भेद ठेवावा की नाही, यावर आपल्या खासदारांचे मत काय? होय म्हणोत वा नाही म्हणोत, ते छापून यावे.

राज्याकडेही सैनिकाचे देणे आहे. वीरमरण आलेल्या सैनिकाच्या पत्नीस वा वारसास दोन हेक्टरपर्यंत शासकीय शेतजमीन देण्याचे राज्याने २०१८ मध्ये ठरविले. नाशिक जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि मंजूर जमिनीपैकी प्रत्यक्ष किती ठिकाणी नांगर चालला? कागदावर गटनंबर मिळणे व बांधावर ताबा मिळणे यांतले अंतर आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. तसेच भारतीय सैनिक (दावे) कायदा १९२५ पासून आहे. युद्धाच्या वा विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेल्या शिपायाविरुद्धचा दावा त्याच्या गैरहजेरीत निकालात निघू नये, म्हणून न्यायालयास काम तहकूब ठेवता येते व जिल्हाधिकाऱ्यास तसा दाखला देता येतो. वाटणीचा, वहिवाटीचा, बांधाचा दावा शिपायाच्या पाठीमागे चालतो आणि तो सुट्टीवर आल्यावर त्यास समजते, ही तक्रार नवी नाही. शंभर वर्षे जुना झालेला हा आधार गावोगावच्या शिपायांच्या आईबापांस ठाऊक करून द्यावयाचा तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय व आमदार यांच्याइतकी सोयीची माणसे दुसरी कोण?

आता आमच्या बाजूचे काम. लोकसभेच्या प्रश्नास पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि कोणता प्रश्न घ्यावयाचा ते चिठ्ठ्यांनी ठरते. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणे निरुपयोगी. हिवाळी अधिवेशन साधारणतः उन्हाळ कांद्याची रोपे वाफ्यात असताना भरते. सोसायट्यांनी व बाजार समित्यांनी आपले प्रश्न, प्रत्येक कागदावर एकच आणि ज्या विभागाचा आहे त्याचे नाव घालून, दसऱ्यापूर्वी आपल्या खासदारांकडे व आमदारांकडे पोचवावेत, व पोच घ्यावी. नाशिक, दिंडोरी, तसेच मालेगाव-बागलाण ज्या धुळे मतदारसंघात मोडतात तेथील प्रतिनिधींनी या प्रश्नांची उत्तरे वा ती न मिळाल्याची तारीख कळविली, तर कोणत्याही पक्षाचा भेद न करता ती जशीच्या तशी छापण्यास या मासिकाची चार पाने आम्ही राखून ठेवू. वाचकांनीही आपण धाडलेल्या प्रश्नाची एक प्रत आमच्या कचेरीस पाठवावी. दोन्ही शेजारीशेजारी छापता येतील.